दर आठवड्याला एक डबा राख

चाचा राख चाखायचे. हे आधी सांगते, कारण बाकीचं काही सांगितलं तरी लोक शेवटी एवढंच विचारतात की खरंच चाखायचे का. खरंच चाखायचे. चिमूटभर राख डाव्या तळव्यावर घ्यायचे, उजव्या हाताच्या बोटानं पसरायचे, जिभेच्या टोकाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग म्हणायचे, "बाभूळ हाय. पन वली जाळली." नाहीतर म्हणायचे, "ह्यात शेनी मिसळली." त्यांचं कधी चुकलं का, ते मला माहीत नाही. त्यांच्याशिवाय राख चाखून बघणारं कुणीच नव्हतं.

दौंडला स्टेशनापासून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. पुढे अंगण, अंगणात विहीर, विहिरीला लागून कडुलिंबाचं झाड, आणि मागे ओळीनं तीन खोल्या. एकीत ते एकटे राहायचे. दुसरीत वरवंडच्या एक मावशी आणि त्यांचं कुटुंब. तिसरी आम्हाला मिळाली. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आमचे हे रेल्वेच्या इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी होते आणि मी तळेगाव ढमढेऱ्याला सासूबाईंजवळ होते. दौंडला खोली मिळेना म्हणून तिकडेच होते. एक खोली मिळाली होती, ती दोन महिन्यांत सोडावी लागली. तेव्हा सासूबाईंनी निरोप पाठवला होता की आता पुन्हा असं झालं तर सून इथंच राहील, तुझं तू खाणावळीत जेव. त्यामुळे ही खोली टिकणं म्हणजे माझं संसारात राहणं होतं. तिकडे मी संसारात नव्हते असं नाही, पण तो सासूबाईंचा होता.

खोली देताना चाचांनी यांना अटी सांगितल्या. मी दाराआड उभी होते. भाड्याचं बोलणं पटकन झालं. मग म्हणाले, मोरीत धुण्याचा सोडा सांडायचा नाही. फिनेल आणायचं नाही. चुलीत लाकूड जाळायचं, दगडी कोळसा नाही. आणि दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, एक डबा लाकडाची राख द्यायची, चाळलेली.

हे हसले असावेत. चाचा म्हणाले, "हसू नका. भाडं दोन दिस उशिरा द्या, चालंल. राख येळेवर पायजे."

कोळसा का नको आणि सोडा का नको, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर मावशींनी समजावलं. कोळशाची राख घासायला चालत नाही, म्हणून लाकूड. मोरीचं पाणी चरातून लिंबाच्या बुडाशी जायचं, आणि चाचांचं म्हणणं असं की तिथून ते विहिरीत झिरपतं. "घान कुटंच जात न्हाई," ते म्हणायचे, "ती निसती जागा बदलती. कुटं ठिवायची ते आपन बघायचं." हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की मावशी त्यांच्या पाठीमागे ओठ हलवून म्हणायच्या. मला मात्र त्या वाक्यानं विचारात पाडलं होतं. मी केर काढून टाकला की बराच वेळ बघत राहायचे, आता हा कुठं गेला.

चाचा स्वतः शेडमधूनच निवृत्त झालेले. सगळी नोकरी इंजिनं पुसण्यात गेली. त्यांच्याबरोबर लागलेले फायरमन झाले, ड्रायव्हर झाले, चाचा क्लीनरच राहिले. का राहिले याबद्दल यांच्या शेडमध्ये दोन गोष्टी सांगत. एक अशी की साहेबानं बढती दिली तेव्हा चाचा म्हणाले, मी गेलो तर इंजिन पुसणार कोण. दुसरी अशी की त्यांना बढती कुणी दिलीच नाही. दोन्ही गोष्टी सांगणारे तेच तेच लोक होते.

सगळा जन्म तेल आणि घासलेट हातावर घेतलेला हा माणूस घरी आल्यावर त्यांना शिवायचा नाही. त्यांच्या खोलीत तीन गाडग्यांत तीन राखा होत्या. बाभळीची पितळेला, शेणीची दातांना आणि कंदिलाच्या काचेला, तुरकाठ्यांची बाकी सगळ्याला. तांब्याला चिंच किंवा लिंबाची साल आणि मीठ. घोंगडीला रिठा. धान्यात आणि कपड्यांच्या पेटीत कडुलिंबाचा पाला. खाटेत ढेकूण झाले की खाट उन्हात उभी करून खोबणींत उकळतं पाणी ओतायचे, आणि पाणी ओतताना खाटेला दटावायचे. स्टेशनाजवळच्या एका हॉटेलातून पिळून झालेल्या लिंबांच्या साली मागून आणायचे आणि बरणीत मिठात घालून ठेवायचे. हॉटेलवाल्याला आधी वाटलं लोणचं घालतात. एकदा त्यानं दया येऊन चार आख्खी लिंबं दिली, तर चाचांनी ती परत केली. म्हणाले, "ह्याच्यात आजून काम बाकी हाय. तुझं झाल्यावर दे."

अंगण आठवड्यातून दोनदा सारवायचे. स्वतः. गुडघ्यावर बसून, लुंगी वर खोचून, शेणाच्या पाण्यात हात घालून. मी तोवर पुरुषाला सारवताना पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी खोलीबाहेर आले आणि तशीच मागे वळले, जणू ते आंघोळीला बसले होते. त्यांनी मागून हाक मारली, "सूनबाई, उंबऱ्यापतुर सारवलंय. पाय जपून." मी दिवसभर बाहेर पडले नाही. मला वाटलं बाहेर पडू नका असं सांगितलं. संध्याकाळी मावशींनी सांगितलं की तासात वाळतं.

मी बोलत नसे. त्यांच्यापुढेच नाही, कुणापुढेच. चौथीपर्यंत शिकले तेव्हाही गुरुजींनी उभं केलं की उत्तर येत असून गप्प बसायचे. चाचांशी जे काही बोलायचं ते मी मावशींना सांगायचे आणि मावशी त्यांना सांगायच्या, आणि जाताना त्यात आपलं थोडं घालायच्या.

त्या वर्षी हिवतापाची पावडर मारणारे आले होते. घरोघरी जाऊन भिंतींवर फवारायचे आणि दारावर खूण करून जायचे. दोघंजण होते, एकाच्या खांद्याला पंप. चाचा उंबऱ्यावर बसले होते, उठले नाहीत. पंपवाला समजावू लागला की डास मरतात, ढेकूण मरतात, सरकारचं काम आहे. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी माजी राख चाखतो. तुमी तुमची पावडर चाखा. मंग मारा."

तो माणूस गोंधळला. दुसऱ्याकडे बघू लागला. दुसरा म्हणाला, "आबा, ही खायची नसती."

"मंग मी जिथं खातो तिथं कशापायी मारता?"

अर्धा तास असंच चाललं. शेवटी असं ठरलं की खोल्यांत मारायची, अंगणात आणि विहिरीजवळ नाही. ते गेल्यावर चाचा आपली खाट अंगणात घेऊन आले आणि महिनाभर तिथंच झोपले. आमच्या खोलीतले ढेकूण खरंच मेले. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. कोण बरोबर होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आताही छातीठोक सांगता येणार नाही. हिवताप मात्र त्या साली आमच्या आळीत फार झाला नाही.

आणखी एक आठवण आहे, तिचा अर्थ मला लागलेला नाही. एकदा दुपारी शिरूरच्या मोटारीनं एक बाई आल्या. चाचांच्याच वयाच्या, डोक्यावरून पांढरी ओढणी. अंगणात बसल्या. चाचांनी स्वतः चहा केला आणि घासून लख्ख केलेल्या पितळी पेल्यात दिला. चहा संपला. बाई उठल्या, चाचांच्या खोलीत गेल्या, फळीवरून बोट फिरवलं, ते उजेडात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "आता बरं हाय." मग गेल्या. चाचा त्यांना सोडायलाही उठले नाहीत. मावशी म्हणाल्या ती त्यांची बायको, शिरूरला भावाकडे राहते. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या बहीण असेल. बायको असेल तर ती का राहत नाही, आणि बहीण असेल तर बोट का फिरवलं, हे मी कितीतरी दिवस भांडी घासताना मनात घोळवत होते.

आता राखेचं सांगते.

येताना मी गावाकडून तुरकाठ्यांचं एक ओझं आणलं होतं. ते दीड महिना पुरलं. मग लाकूड विकत घ्यायची वेळ आली, आणि यांना शेडच्या बाहेर टाकलेला अर्धवट जळालेला कोळसा फुकट मिळत होता. सगळेच खलाशी आणायचे. हे म्हणाले, फुकटचं सोडून विकतचं जाळायचं हे मला परवडत नाही. मी मागच्या दाराला, रुळांच्या बाजूला, शेगडी पेटवू लागले. धुराची भीती नव्हती. दौंडात आकाशच कोळशाच्या धुराचं होतं, त्यात माझी शेगडी कुणाला ओळखू येणार. भीती राखेची होती. कोळशाची राख खरखरीत, लालसर, तिला वास येतो. ती चाचांच्या जिभेवर जाणार.

दोन आठवडे मावशींकडून मागून घेतली. तिसऱ्यांदा मागायला तोंड उघडेना. त्या काही म्हणाल्या नव्हत्या, पण दुसऱ्या वेळी डबा भरताना त्यांनी वरून हात फिरवून सपाट केला होता, शीग काढून. तेवढं मला पुरलं.

आम्ही बायका धुणं धुवायला नदीवर जायचो. नेहमीच्या घाटावर गर्दी असली की मी लाजून पुढे, वळणापलीकडे जायचे. तिथं काठावर मला राखेचा ढीग दिसला. पांढरी, मऊ, पिठासारखी. आजूबाजूला फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या पडल्या होत्या. मला वाटलं कुंभाराची भट्टी असेल. भट्टी लावून, मडकी काढून गेला असेल, राख त्याच्या काय कामाची. आसपास कुणी नव्हतं, विचारायला लागलं नाही, हे मला फार बरं वाटलं. बादलीत राख भरली, वर ओलं धुणं ठेवलं आणि घरी आणून चाळली.

चाचांनी चाखली. डोळे मिटून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, आशी राख म्या दहा वर्सांत बघितली न्हाई. सगळं जळालंय. कच्चं कायबी ऱ्हायलं न्हाई."

मला जन्मात कुणी असं म्हटलं नव्हतं. मी दाराआड होते तरी मान खाली घातली. पुढचे दोन आठवडे मी तिथूनच राख आणली. दोन्ही वेळा ढीग नवा होता. तेही मला चांगलंच वाटलं, कुंभाराचं काम जोरात दिसतंय म्हणून.

चाचांनी त्या राखेचं वेगळं, चौथं गाडगं केलं. कोण आलं की उघडून दाखवायचे. मग आळीत एका घरी लग्न निघालं. लग्नाच्या जेवणाच्या तीन मोठ्या तांब्याच्या डेगा होत्या, आळीतल्या सगळ्यांच्या मिळून, आणि त्या सांभाळायचं काम चाचांकडे असे. लग्नाच्या तीन दिवस आधी त्यांनी त्या बाहेर काढल्या. दोन दिवस घासत होते. आधी चिंच, मग माझी राख, मग पाणी, मग पुन्हा राख कोरड्या हातानं. डेगा अशा झाल्या की अंगणातून जाताना तीन ठिकाणी आपलं तोंड दिसायचं.

लग्नाला दोन दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मी आणि मावशी दळण घेऊन येत होतो. मावशींना नवीन मडकं हवं होतं. मी सहज म्हटलं, नदीवर वळणापलीकडे कुंभार आहे, त्याच्याकडे मिळेल.

मावशी थांबल्या. म्हणाल्या, कुंभार गावाच्या पल्याड, इकडे कुठला. मी खापऱ्यांचं सांगितलं, राखेचं सांगितलं. मावशींनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"आगं, तिथं मानसं जाळत्यात," त्या म्हणाल्या.

मला ते ठाऊक कसं असणार? आमच्याकडे बाई कधी मसणात जात नाही. वडील गेले तेव्हाही मी दारापर्यंतच गेले. प्रेत नेतात, पुरुष येतात, आंघोळी करतात, एवढंच आम्हाला दिसतं. पुढे मडकं फोडतात, पुढे असा पांढरा ढीग उरतो, आणि कुणाकुणाची सगळीच राख पाण्यापर्यंत जात नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मावशींना त्यांच्या दिरानं सांगितलं होतं म्हणून माहीत.

घरी येऊन मी तीन वेळा हात धुतले. मग आठवलं की हात धुवायच्या जागी तीच राख ठेवली आहे.

यांना सांगितलं. हे उठून दार लोटून आले. मग म्हणाले, कुणाला एक शब्द बोलायचा नाही. राख ती राख, धुतली गेली. बोललीस तर आधी कोळशाचं निघेल, मग हे निघेल, आणि मग तू तळेगावला. मावशींना मी गप्प करतो. ते काही खोटं सांगत नव्हते. मी रात्री पडून तेच घोकत होते, राख ती राख. पण सकाळी उठून बाहेर आले तर तीन डेगा उन्हात ठेवलेल्या, आणि चाचा त्यांच्यासमोर उकिडवे बसलेले, चौथ्या गाडग्यातली उरलेली राख कोरड्या फडक्यावर घेत होते. दुसऱ्या दिवशी त्यांत आळीचं जेवण शिजणार होतं. ज्यांचं माणूस तिथं जळलं त्यांच्याच घरचं कुणी जेवायला असलं तर?

हे कामावर गेले होते. मावशी दारात होत्या, मी त्यांच्याकडे बघितलं, त्या आत गेल्या. मी पदर नीट केला आणि चाचांपुढे जाऊन उभी राहिले. आजवर कधी अशी उभी राहिले नव्हते. ते वर बघू लागले. त्यांना वाटलं माझ्यामागे कुणीतरी आहे.

मी सगळं उलट सांगितलं. आधी मसण सांगितलं, मग कुंभार, मग कोळसा. त्यांना काही समजेना. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा माझ्याच कानांना माझा आवाज ओळखीचा वाटेना.

चाचांनी फडकं खाली ठेवलं. जिभेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "म्या चाखली की ती."

त्यांनी फडक्यावरची राख परत गाडग्यात झटकली.

"बाई व्हती का बाप्या?"

"मला काय म्हाईत, चाचा."

"तेवढं बघायचं न्हाई?" ते जोरात म्हणाले, आणि मग स्वतःच, "कसं बघनार म्हना."  गाडगं हातात घेतलं, आत बघितलं. मी वाट बघत होते की आता म्हणतील, खोली सोडा. त्याऐवजी म्हणाले, "चांगलं जळालं व्हतं कुनीतरी."

ते गाडगं त्यांनी एका कापडानं बांधलं आणि नदीकडे चालते झाले. काय केलं ते मी पाहिलं नाही. तासाभरानं ओल्या पायांनी परत आले. येताना कुठूनतरी बुट्टीभर नवी राख आणली होती. डेगांपुढे बसले आणि पहिल्यापासून घासायला लागले. एका माणसाचं दोन दिवसांचं काम संध्याकाळपर्यंत होणार नव्हतं. हे त्यांनी म्हटलं नाही. मीच तिथं उभी होते म्हणून मला दिसलं.

मी चिंच भिजत घातली आणि दुसऱ्या डेगेपाशी बसले. परक्या पुरुषासमोर, भर अंगणात, पदर खोचून. ते मधूनच म्हणायचे, गोल न्हाई, उभा हात.  मावशी थोड्या वेळानं आल्या आणि विहिरीवरून पाणी काढून देऊ लागल्या. दुपारी हे आले. दारात उभे राहिले, मला बघितलं, डेगा बघितल्या आणि आत गेले. आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. मी ओळखलं, आवराआवर सुरू झाली.

तिसरी डेग झाली तेव्हा उन्हं कलली होती. मी हात धुतले आणि जे आधी म्हणायला हवं होतं ते म्हटलं, "चाचा, महिनाअखेर आमी खोली सोडतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते चेहऱ्यावरून खरंच गोंधळलेले दिसले.

"का?"

"कोळसा जाळला. खोटं बोललो. राखेचं तर..."

"ते झालं की बोलून." त्यांनी डेग उलटी केली, बुडाला एक डाग राहिला होता त्यावर अंगठा घासला. "आन् तुमी गेल्यावर म्होरच्या बारीला मला सांगंल कोन?"

मी उभी राहिले. वाटलं आणखी काही म्हणतील, कोळशाबद्दल तरी, नाहीतर माझ्याबद्दल. ते त्या डागाशीच बसले होते. रागावलेले होते की नव्हते, ते तेव्हाही ओळखता आलं नाही आणि पुढच्या नऊ वर्षांतही त्यांनी कधी तो विषय काढला नाही.

मी आत गेले. हे ट्रंकेवर बसले होते, अर्धे कपडे आत, अर्धे बाहेर.

"काय म्हनले?" यांनी विचारलं.

"नीट कळलं न्हाई," मी म्हटलं. "पन ऱ्हायचं हाय आपल्याला."